१९९४ची की २०१४ची?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायला बघतोयस त्या दोन्ही वापरलेल्या गाड्यांचे फोटो पाहिले. १९९४च्या गाडीवर तुझं मन बसलंय, हे वाचताच कळलं. त्यात नवल नाही. त्या काळच्या गाडीचं बॉनेट उघडलं की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लगच्या वायरी, सगळं डोळ्यांसमोर असतं. थंडीत चोक ओढायचा, इंजिन गरम होईपर्यंत जरा रेस द्यायची. बिघाडही आवाजावरून, वासावरून कळतो आणि बरेचदा पाना-स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन घरीच काढता येतो. इंजिन समजून घ्यायला तिच्यासारखी गाडी नाही.

पण तू रोज हायवेने जाणार. म्हणून मी २०१४चीच घे म्हणते.

२००९ साली अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ने १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मॅलिबू एकमेकींवर आदळवून पाहिल्या, वेग ताशी साधारण ६४ किलोमीटर. जुनी जाड पत्र्याची, तीच टिकेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बेल एअरची ड्रायव्हरची जागाच चेपली गेली. मॅलिबूचं नाक पार गेलं, पण आतली जागा शाबूत राहिली. पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असाच बनवलेला असतो. धक्का तिथेच जिरतो. आत बसवलेल्या डमीवरच्या, म्हणजे माणसाच्या जागी ठेवलेल्या पुतळ्यावरच्या, नोंदी सांगतात की जुन्या गाडीतला माणूस वाचला नसता, नव्यातल्याचं पायाच्या दुखापतीवर निभावलं असतं.

तुझ्या दोन गाड्यांमध्ये पन्नास नाही, वीसच वर्षांचं अंतर आहे. पण तू लिहिलंस त्यावरून १९९४चीत एअरबॅग नाही, ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी एबीएसही नाही. म्हणजे ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारलास की चाकं लॉक होणार, आणि स्टीअरिंग कितीही वळवलंस तरी गाडी सरळच घसरत जाणार. २०१४चीत या दोन्ही गोष्टी आहेत, शिवाय घसरताना एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सावरणारी ईएससीसुद्धा. युरोपात ती नोव्हेंबर २०१४पासून प्रत्येक नव्या कारला सक्तीची झाली, ती उगाच नाही.

मात्र नव्या गाडीचं दुखणं बाहेरून दिसत नाही. बघायला जाशील तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर मालकाने ती आधीच चालू करून ठेवली होती. मग थंड इंजिन कसं लागतं ते तुला कळणारच नाही. इंजिन न लावता चावी फक्त ‘ऑन’वर आण. एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागून थोड्या वेळाने विझला पाहिजे. लागलाच नाही, तर कुणीतरी तो बंद करून दोष झाकलाय असं समज. मेकॅनिकला गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावायला सांग, आणि त्यात बिघाडाचे फॉल्ट कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नकोस. कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या अंतर्गत तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवतात, ते आवर्जून बघायला लाव. टायरवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा, कधी बदलला त्याची पावती माग. नसेल तर त्याचा खर्च धरूनच भाव कर. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

स्कॅनमध्ये काय निघालं ते कळव, मगच बयाणा दे.

तुझी,
आई