‘जाऊ का आता?’ हे वाक्य गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत विद्यार्थ्यांच्या शोधप्रबंधांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. एकदा वाचक म्हणून आणि एकदा, सवयीने, शुद्धलेखनाच्या चुका शोधत. लेखकाचं म्हणणं असं की समाज, पर्यावरण, स्त्री-अभ्यास अशा विषयांवरचे बहुतेक प्रबंध एकमेकांची नक्कल असतात. ‘सत्ता’, ‘लिंगभाव’, ‘शाश्वत’ असे चार शब्द फिरवून फिरवून तीनशे पानं भरलेली असतात. यातलं निम्मं खरं आहे. मी हे ठामपणे सांगू शकते, कारण ती पानं मी टाइप केलेली आहेत.

गेली २२ वर्षं मी शोधप्रबंधांचं टंकलेखन करते. मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून ती कागदावर उतरवण्याचंही काम घेते. मी स्वतः पदवीच्या पुढे शिकलेले नाही. पण एखादा प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत, एकही ओळ न सोडता वाचणारी माणसं असतात तरी किती? विद्यार्थी, कधीकधी मार्गदर्शक, आणि मी.

नकलेचं माहेरघर म्हणजे दुसरं प्रकरण, साहित्याचा आढावा. सामाईक साधनं लोक मिळून कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं नाव मी इतक्यांदा टाइप केलंय की ‘ऑस्ट’ म्हटलं की संगणकच पुढची अक्षरं पुरवतो. प्रत्येक प्रबंधात त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळतं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरतात आणि परिच्छेद संपतो. विद्यार्थ्याला हुरूप यावा अशी गोष्ट मात्र कुणी लिहीत नाही. या बाईंना शाळेत मुलगी म्हणून त्रिकोणमिती घेऊ दिली नव्हती. पुढे गणित कमी पडतं म्हणून अर्थशास्त्राच्या पीएच.डी.लाही घेतलं नाही. मग त्यांनी राज्यशास्त्रात १९६५ साली प्रबंध पुरा केला, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूजलावर. बेसुमार उपशामुळे तिथे समुद्राचं खारं पाणी जमिनीखाली शिरत होतं आणि उपसणारेच एकत्र येऊन आपल्यावर नियम कसे घालून घेतात हे त्यांनी पाहिलं. नोबेलची सुरुवात एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात होती, हे त्या तीनशे पानांत कुठेच येत नाही.

असो. नक्कल हा रोग जुनाच आहे आणि हल्ली तो पकडायला सॉफ्टवेअरही आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. प्रबंधात काय चोरून आणलं यापेक्षा प्रबंधातून काय गाळलं जातं, ते कुणी तपासत नाही.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीचं नाव, ठिकाण, नेमकं शीर्षक सांगत नाही. विषय होता पाणी भरणं आणि स्त्रियांचा वेळ. मुलाखती शब्दशः उतरवून द्यायच्या होत्या. हे काम फार चिकट. चार सेकंद ऐका, थांबवा, लिहा, मागे जा, पुन्हा ऐका. तासाभराच्या बोलण्याला सहा तास सहज जातात. त्यामुळे बोलण्याच्या मागचे आवाजही कानाला कळायला लागतात. त्यातल्या एका बाईची मुलाखत ४३ मिनिटांची होती. नवव्या मिनिटाला ती म्हणते, ‘झालं का? जाऊ का आता?’ मुलगी म्हणते, ‘फक्त दोन प्रश्न, मावशी.’ एकविसाव्या मिनिटाला भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज येतो आणि पुन्हा, ‘जाऊ का?’ ‘थोडंच राहिलंय.’ चौतिसाव्या मिनिटाला ती विचारत नाही, सांगते: ‘रांग पुढे सरकली असेल.’ तिथून पुढची उत्तरं एकेका शब्दाची. हो. नाही. माहीत नाही. माहीत नाही.

मी सगळं उतरवून दिलं. आठ दिवसांनी कागद परत आले. तिन्ही जागी लाल रेघ आणि समासात शेरा: ‘विषयाबाहेर. काढावे.’

विषयाबाहेर! पाण्यापायी बायकांचा वेळ कसा जातो हाच तर विषय, आणि त्या वेळातली ४३ मिनिटं आम्हीच घेतली होती. पुढचं तर अजून वाईट. त्या शेवटच्या ‘माहीत नाही’ची तक्त्यात भर पडली आणि तक्त्याखाली निष्कर्ष आला, ‘उत्तरदात्यांमध्ये जाणीवजागृतीचा अभाव आढळतो.’ अहो, जाणीव नव्हती असं नाही. रांग पुढे गेली होती.

मुलीला मी दोष देत नाही. शेरा तिच्या अक्षरात असला तरी तिच्या डोक्यातला नसावा. शिष्यवृत्ती संपत आलेली, सादर करायची तारीख डोक्यावर, मार्गदर्शकांना ‘नेटका’ मजकूर हवा. सत्तेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातात किती सत्ता असते ते मला ठाऊक आहे. रात्री साडेअकराला ‘ताई, सरांनी शीर्षकच बदललं’ म्हणून फोनवर रडणारी पोरं मी ऐकली आहेत. त्यांच्या प्रबंधात ‘सत्तासंबंध’ हा शब्द दीडशे वेळा येतो, पण त्या फोनबद्दल त्यात एक ओळही नसते.

आकडे मला आता पाठ झालेत. जगात रोज १६.४ अब्ज तास विनामोबदला घरकाम आणि सेवाशुश्रूषा होते, त्यातलं ७६.२ टक्के बायका करतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, २०१८. दाराशी पाणी नाही अशा दर १० घरांपैकी ७ घरांत ते आणायचं काम बायका-मुलींकडे. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना, २०२३. २०१३ साली जिनिव्हाला देशोदेशींचे कामगार-सांख्यिकीतज्ज्ञ जमले आणि घरासाठी पाणी-सरपण आणणं हेही रीतसर ‘काम’च धरायचं असं त्यांनी ठरवलं. हे सगळं दुसऱ्या प्रकरणात. मग चौथ्या प्रकरणात विद्यार्थ्याने स्वतः गोळा केलेल्या माहितीचा तक्ता येतो आणि त्यात ‘व्यवसाय’ या रकान्यात त्याच पाणी-सरपण आणणाऱ्या बाईपुढे लिहिलेलं असतं, ‘काही नाही’. एकाच प्रबंधात, शंभर पानांच्या अंतराने. दोन्ही मीच टाइप केलेलं असतं, म्हणून मला दिसतं. परीक्षकाला का दिसत नाही, ते परीक्षकाला विचारा.

हे ‘काही नाही’ कुठून येतं तेही मला एका मुलामुळे कळलं. प्रबंध जवळपास तयार झाल्यावर तो तक्ते छापून घेऊन वस्तीत परत गेला आणि ते त्याने मोठ्याने वाचून दाखवले. असं करणारा मी पाहिलेला तो पहिलाच. एका बाईने विचारलं, ‘काही नाही? हे तुला कुणी सांगितलं?’ त्याने भरलेल्या प्रश्नावल्या काढून पाहिल्या. उत्तर तिच्या नवऱ्याचं होतं. दार ज्याने उघडलं तो कुटुंबप्रमुख, आणि घरातल्या सगळ्यांची उत्तरं त्याचीच! बऱ्याचशा अर्जांत हाच प्रकार होता. बिचाऱ्याने साठ प्रश्नावल्या पुन्हा भरल्या, या वेळी बायकांना विचारून आणि त्यांच्या सोयीच्या वेळी. तक्ता ४.३ मी तीनदा केला. प्रबंध एक सत्र लांबला. मार्गदर्शक नाराज झाले म्हणे.

म्हणून मला वाटतं, आपल्या लेखकाने सुचवलेले उपाय (कडक तपासणी, कमी विद्यार्थी, जास्त परीक्षक) चुकीचे नाहीत, पण ते सगळे विद्यापीठाच्या भिंतींच्या आतले आहेत. ज्यांच्यावर प्रबंध लिहिला त्यांच्यापर्यंत तो एकदा गेलाच पाहिजे, अशी सक्ती करा. तीनशे पानं नकोत. दोन पानं, त्यांच्या भाषेत, सादर करण्याच्या आधी, मोठ्याने वाचून. आणि ऐकून लोक काय म्हणाले, ते परिशिष्टात.

ही माझ्या सुपीक डोक्यातली कल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘सान’ नावाच्या आदिवासी लोकांनी वर्षानुवर्षं संशोधकांचे लोंढे पाहून २०१७ साली स्वतःची आचारसंहिताच काढली. आमच्याकडे यायचं तर आदराने, खरेपणाने या आणि जे कळलं ते आम्हालाही सांगा, असा तिचा रोख आहे. अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीचं प्रकरण तर प्रबंधाच्या खोलीतच फुटलं. मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून १९९० पासून त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले होते. २००३ साली त्या जमातीतली एक बाई, जी ॲरिझोना स्टेट विद्यापीठातच शिकत होती, एका पीएच.डी.च्या सादरीकरणाला जाऊन बसली आणि तिच्या लक्षात आलं की तेच रक्त भलत्याच अभ्यासाला वापरलंय. याची परवानगी घेतली होती का, असं तिने तिथेच विचारलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० साली विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन उरलेले नमुने परत केले. त्या खोलीत परीक्षक होते, मार्गदर्शक होते. प्रश्न सुचला तो तिला.

मौखिक परीक्षेच्या वेळी खोलीत अशी एक खुर्ची ठेवायला काय हरकत आहे? चहा-बिस्किटांना माणसं असतातच.

उलटही घडलेलं आहे. १९७९ साली ह्यूस्टन शहरातल्या एका वस्तीने आपल्या शेजारी येऊ घातलेल्या कचराभूमीविरुद्ध दावा लावला, तेव्हा रॉबर्ट बुलार्ड या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना कामाला लावलं. शहराचा कचरा आजवर कुठे कुठे गेला, ते शोधून काढा. शहरात कृष्णवर्णीय लोक साधारण चौथाई, पण महापालिकेच्या पाचही कचराभूमी त्यांच्याच वस्त्यांत निघाल्या, आणि कचरा जाळायच्या ८ पैकी ६ भट्ट्याही. दावा लोक हरले, हेही सांगायला हवं. पण ‘पर्यावरणीय न्याय’ या नावाने आज जे शिकवलं जातं त्याच्या पायात त्या विद्यार्थ्यांचे ते कागद आहेत. तिथे प्रश्न वस्तीचा होता, विद्यार्थी त्याचं उत्तर शोधायला गेले. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ प्रबंधांत प्रश्न कपाटातल्या जुन्या प्रबंधातून येतो आणि वस्तीकडून हवी असतात फक्त उत्तरं.

आपल्या लेखकांना एक विनंती. पुढच्या वेळी प्रबंध हातात घ्याल तेव्हा आधी ऋणनिर्देशाचं पान उघडा. मार्गदर्शकांना परिच्छेद, त्यांच्या सौभाग्यवतींना दोन ओळी, ग्रंथपाल, मित्र, टंकलेखनासाठी मी (आडनाव बहुधा चुकीचं), आणि तळाशी ‘सर्व उत्तरदात्यांचे आभार’. तीन शब्दांत दोनशे माणसं.

सध्या माझ्याकडे ५१ मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आलंय. जंगल, सरपण, बायका. तिसऱ्याच मिनिटाला आवाज येतो, ‘किती वेळ लागेल?’ मी ते उतरवलंय आणि या वेळी जाड ठशात केलंय. बघू, लाल रेघ येते का.

पत्र छापलंत तर कृपया नाव छापू नये. मुलं यायची बंद होतील.

आपली,
एक टंकलेखिका