टाउ सेटीचा ठाणेदार

केरी, पेडणे (गोवा)
डिसेंबर

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीची चारही प्रकरणं सलग वाचली. लढाया झकास जमल्यात हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कागद फेकून देणार नाहीस. टाउ सेटी या ताऱ्याभोवती सात किल्ल्यांचं कडं, त्यावर साम्राज्याचं आरमार, पलीकडे टपून बसलेला शत्रू. सहावा किल्ला पडतो तेव्हा माझ्या ताटातली कढी निवून गेली होती. तरी एक गोष्ट खटकत राहिली. तुझ्या सरहद्दीवर लढाई पुष्कळ आहे, सरहद्द मात्र कुठेच दिसत नाही. मी सरहद्दीवरच्या गावात वाढलो म्हणून असेल, पण हे मला मनावर घ्यावंसं वाटलं.

तारा निवडलास तो अगदी नेमका. ११.९ प्रकाशवर्षांवरचा, सूर्याच्याच जातकुळीतला, फक्त थोडा लहान आणि निम्म्याच तेजाचा. या दिवसांत रात्री आठच्या सुमाराला किनाऱ्यावर उभं राहिलं की दक्षिणेकडे, तिमिंगल तारकासमूहातल्या सर्वांत ठळक ताऱ्याच्या पूर्वेला, तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. १९६० साली फ्रँक ड्रेकने परक्या कुणाची हाक ऐकू येते का म्हणून रेडिओ दुर्बीण ज्या दोन ताऱ्यांकडे वळवली, त्यातला हा एक. त्याच्याभोवती ग्रह असल्याचे दावे आहेत आणि त्या दाव्यांवर वादही आहेत, म्हणजे ग्रह मांडायला तुला मोकळं रान. वादात नसलेली गोष्ट म्हणजे दगडधोंड्यांचं आणि बर्फाचं कडं. आपल्या सूर्यमालेत असला जेवढा राडारोडा आहे त्याच्या दहापटीहून जास्त तिथे आहे. आणि तू त्याचं नावसुद्धा काढलं नाहीस! अरे, तुझ्या ठाण्याचा रोजचा शत्रू तोच. सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आलेला एक किलोचा दगड बारा किलो टीएनटी स्फोटकाइतका दणका देतो. तुझे पहारेकरी दुर्बिणीला डोळे लावून बसतील ते शत्रूच्या नावाने, आणि जन्मभर मोजतील दगड.

पाणीही त्याच कड्यातून येणार. आग्वादच्या किल्ल्यात आपण गेलो होतो, आठवतंय? तिथे जो तो दीपगृहाचा फोटो काढतो. पण १६१२ सालचा तो किल्ला ज्यासाठी महत्त्वाचा होता ते मधल्या चौकात पायाखाली आहे, पाण्याचं प्रचंड टाकं. लिस्बनहून महिनोन्महिने समुद्रात काढून आलेली जहाजं तिथे गोडं पाणी भरून घेत. तोफा त्या पाण्याच्या राखणीला होत्या, असं मी तरी मानतो. तुझ्या सातांपैकी टाकं कुठल्या किल्ल्यात आहे? ते ठरव आणि लढाई तिथे लाव. सहाव्या किल्ल्यासाठी माणसं का मरतात ते मला वाचून कळलं नाही. तो सहावा आहे म्हणून?

आता तुझ्या किल्ल्यांच्या कड्याबद्दल. जमिनीवर भिंत घालता येते, कारण माणूस जमिनीवरून येतो. तिथे वर-खाली-आजूबाजूला सगळी मोकळीच वाट. आणि किल्ले नेपच्यूनएवढ्या अंतरावर मांडलेस तर ताऱ्यापासून तिथे पोचायला प्रकाशालाच चार तास लागतात. या टोकाला हल्ला झाला की त्या टोकाला आठ तासांनी कळणार. दुसऱ्या प्रकरणात तुझा सेनापती सातही किल्लेदारांना एकत्र बसवून पडद्यावर झापतो, ते काढून टाक. विनोदी होतंय. शिवाय तुझे किल्ले फिरतात हे तू विसरलास. आमचा तेरेखोलचा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी सावंतवाडीच्या सावंतांकडून घेतला तेव्हा जिथे होता तिथेच आज आहे, नदीच्या उत्तर काठावर. तुझं ठाणं ताऱ्याभोवती घिरट्या घालणार. आज ज्या दिशेने शत्रू येणार तिकडे तोंड करून बसलेली शिबंदी अर्ध्या फेरीनंतर ताऱ्याच्या पाठीमागे गेलेली असेल. म्हणजे आघाडीवरचा किल्ला कुठला, हे पंचांग बघून ठरणार. यात केवढी गंमत आहे बघ. बदली न होता घराणंच्या घराणं आघाडीवरून पिछाडीला जातं, आणि पिछाडीच्या ठाण्यावर लग्नं उरकून घेतात.

शत्रू गुपचूप येतो हेही पटत नाही. आत माणसं जगवायची तर यान वीस-पंचवीस अंशांवर ऊबदार ठेवावं लागणार, आणि भोवतालचं अवकाश उणे २७० अंशांचं. उष्णता टिपणाऱ्या अवरक्त दुर्बिणीतून ते दुरूनच उठून दिसेल. शत्रू दिसेल, आणि पोचायला महिने घेईल. ते महिने तू एका ओळीत संपवलेस. ‘काही महिन्यांनी’ म्हणे! सगळी कादंबरी त्या दोन शब्दांत बसलीय.

फौजी मुलखाचा तोच खरा धंदा, वाट बघणं. त्यालाही हंगाम असतो. पृथ्वीवरून मंगळाकडे थोडक्या इंधनात निघायचं तर साधारण २६ महिन्यांनी एकदा योग येतो. पोर्तुगिजांचंही तसंच होतं. लिस्बनहून मार्च-एप्रिलात सुटायचं, आफ्रिकेला वळसा घालून मोसमी वारा पकडायचा आणि सप्टेंबरच्या सुमाराला मांडवीत शिरायचं. पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा यायचा, बंदर बंद. गोव्यातून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दीड-दोन वर्षांनी हातात पडायचं. प्रकाशाहून वेगवान काही नाही असं तू पहिल्याच पानावर मान्य केलंयस, ते मला फार आवडलं. पण मग पाळ ना! तुझ्या ठाणेदाराच्या प्रश्नाला उत्तर यायला चोवीस वर्षं लागतील. प्रश्न बापाने विचारायचा आणि उत्तर मुलाने फोडायचं, तेही अशा राजाचं जो एव्हाना गादीवर असेलच असं नाही.

इतक्या दूरचा अधिकारी काय करतो? १६८३ साली गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली, मार खाऊन परतला, आणि नोव्हेंबरात संभाजीराजांचे लोक थेट जुवे बेटावर उतरले. लिस्बनला विचारायची सोय नव्हती. या गृहस्थाने आपला राजदंड नेऊन सेंट झेवियरच्या शवपेटीत ठेवला, आता राज्य तूच सांभाळ म्हणून. पुढे मोगल फौज मागून आली आणि मराठ्यांना माघारी वळावं लागलं, हा भाग वेगळा. दोन वर्षांच्या अंतरावरच्या राजापेक्षा हाकेच्या अंतरावरचा संत बरा, हा हिशोब मला पटतो. तुझ्या सेनापतीच्या हाताशी कोण आहे? कुठलाही देव नाही, पीर नाही, कुणाच्या नावाचा नारळ नाही. अशी छावणी मी तरी ऐकलेली नाही.

आणि आता तुझ्या शेवटाबद्दल, खरं म्हणजे या पत्राचं कारणच तो आहे. तू सेनापतीला वीरमरण देणार, हे चौथ्या प्रकरणाच्या शेवटी कळतंच. देऊ नकोस. डिसेंबर महिना आहे, इथे १९६१ च्या गोवामुक्तीचा विषय निघतोच, म्हणून सांगतो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने गोव्याचा गव्हर्नर जनरल वासालु ई सिल्व्हाला बजावलं होतं की शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढायचं. ते बजावणारा लिस्बनमध्ये. १८ डिसेंबरला आपल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस केंद्र बंद पाडलं. लिस्बनशी बोलणंच तुटलं. मुरगावला ‘आफोंसु द आल्बुकेर्क’ हे एकटं जुनं जहाज आपल्या फ्रिगेट युद्धनौकांशी भिडलं आणि शेवटी किनाऱ्याला लावावं लागलं. त्याच रात्री दाबोळीवर अडकलेली दोन प्रवासी विमानं त्या फुटक्या धावपट्टीवरूनच उडाली आणि कराचीला निसटली. (हे दृश्य मी तुला फुकट देतोय. वापर.) बाणस्तारीचा पूल पळणाऱ्या फौजेनेच उडवला होता. आणि १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरलने शरणागतीवर सही केली. त्याची बक्षिसी म्हणून मायदेशात त्याला सैन्यातून काढून टाकलं. १९७४ मध्ये तिथली राजवट उलथली तेव्हा कुठे त्याला मान परत मिळाला.

त्याला कुणी इथे नायक मानावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. ज्यांनी तुरुंगात वर्षं काढली त्यांच्या गावात बसून तसं म्हणवतही नाही. पण पात्र म्हणून बघ. हुकूम पाळला तर हजारो माणसं आणि एक सुंदर शहर जाणार, मोडला तर स्वतः जाणार, आणि दुरुस्त हुकूम मागायची तारच तुटलेली. तुझ्याकडे तर हे आणखी भीषण आहे. ‘मरेपर्यंत लढा’ हा हुकूम बारा वर्षांपूर्वी सुटलेला. तो सुटला तेव्हा शत्रूचं नावही कुणाला माहीत नव्हतं. असा हुकूम खिशात घेऊन सेनापती सहा महिने शत्रूचा ठिपका मोठा होताना बघतोय. मारायचाय कशाला त्याला? त्याच्याकडून सही करून घे.

सामान्य माणसं घाल रे थोडी. तुझ्या सगळ्या व्यवस्थेत सैनिक, अधिकारी आणि एक गुप्तहेर बाई. छावणीला भाजी कोण विकतं? पन्नाशीच्या दशकात भारताने नाकेबंदी केली, तेव्हा गोव्यात बटाटे हॉलंडहून यायचे, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून. खाणीवाले मात्र त्याच काळात लोहखनिज जपानला विकून गबर झाले. घड्याळं आणि सोनं सरहद्द कशी ओलांडायचं याच्या गोष्टी पेडण्यात अजून चघळल्या जातात. पहाऱ्याला मोझांबिक आणि अंगोलाहून आणलेले सैनिक होते. ज्यांचं इथे काहीच नाही, अशांना दुसऱ्या वसाहतीतून आणून उभं केलेलं. तुझ्या साम्राज्याकडे इतर तारे आहेत ना? मग टाउ सेटीवर पहारा देणारे टाउ सेटीचे कशाला असतील?

माझ्या आजीचं माहेर आरोंद्याचं, नदीपलीकडचं. नाकेबंदीच्या काळात तिला जाता यायचं नाही. रात्री वारा इकडचा असला की पलीकडच्या दशावताराचा मृदंग ऐकू यायचा, आणि कुठला प्रवेश चाललाय ते ती ठेक्यावरून ओळखायची म्हणे. तिच्याकडून ऐकलेली ‘सरहद्द’ एवढीच. तोफ तिने कधी पाहिली नव्हती. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तेरेखोलवर तिरंगा चढवला हेही तिला बाजारात कळलं.

आवाजावरून आठवलं. १९५५ पासून सरहद्दीपलीकडच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो गुप्त रेडिओ चालवत, ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. गोवा मुक्त झाल्यावर दोघांनी विमानातून फिरत ध्वनिक्षेपकावर ती बातमी सांगितली. तुझ्या कथेत असा रेडिओ हवाच. राजधानीचा आवाज बारा वर्षं शिळा, आणि शत्रूचा चार तासांत पोचणारा, ताजा, त्यातून तुमच्याच बोलीतला. तरुण पोरं कुणाचं ऐकतील? तुझ्या गुप्तहेर बाईला तिथे नोकरी दे. सध्या ती नुसती जिने उतरत असते.

एक शेवटची तक्रार. सहावा किल्ला फुटल्यावर त्याचे तुकडे जातात कुठे? २००७ साली चीनने ८६० किलोमीटरच्या आसपास उंचीवर आपलाच निकामी उपग्रह फोडला, तर मागोवा घेता येईल असे तीन हजारांहून जास्त तुकडे झाले. आपण मार्च २०१९ मध्ये फोडला तो मुद्दाम तीनशे किलोमीटरच्या खाली, तुकडे लवकर पडून जळून जावेत म्हणून. तुझा विजयी सेनापती दुसऱ्याच दिवशी त्याच कक्षेतून मिरवणूक काढतो. चाळण होईल त्याची.

फेब्रुवारीत येतोयस ना? मग मोपा विमानतळाचं तिकीट काढ, तिथून पेडणे जवळ. पण एक दिवस तुला दाबोळीला नेणार आहे. ज्या धावपट्टीवरून पर्यटक उतरतात तिच्यावरूनच नौदलाची मिग विमानं उडतात, आणि नौदलाच्या सरावासाठी सकाळच्या वेळा राखून ठेवलेल्या, म्हणून प्रवासी कंपन्यांनी कित्येक वर्षं आपली वेळापत्रकं वाकवली. तुझ्या बंदरावर हेच चालू असणार. पाचव्या प्रकरणाची सुरुवात तिथल्या ताटकळलेल्या प्रवाशांच्या रांगेतून कर, आणि येताना ते छापून आण. मोबाइलवर वाचायला लावू नकोस. तेरेखोलच्या किल्ल्यावर जाऊ. तिथे बसून वाचू, कॉफीचं बिल तुझं.

वहिनींना नमस्कार, पोरीला पापा.

तुझा,
नदीअलीकडचा