कोलोनहून वाईला

कोलोन, 8 फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सगळं बोलून होतं, तरी आज्जीला कागदच हवा असतो, म्हणून हे. तिला मोठ्यानं वाचून दाखवा. जेवण वेळेवर होतं, खोली उबदार आहे, मेतकूट अजून अर्धा डबा शिल्लक आहे. खोकला गेला. बाबा, खरंच गेला.

आधी आत्याचं. ती गल्लीत "आमची भाची जर्मनीत जत्रेत कामाला आहे" असं सांगते म्हणे. तिला म्हणावं, आकाशपाळणे फिरवायला कुणी एम.टेक. करत नाही. पण अगदी खोटंही नाही ते. इथल्या करमणूक उद्यानांत दिवसाला हजारो माणसं येतात. दार उघडल्यावर ती कुठं जातील, कुठं तुंबतील, बाराच्या ठोक्याला सगळ्यांना एकदम भूक लागली तर काय होईल, हे आम्ही नवा पाळणा बसवायच्या आधीच संगणकावर माणसं चालवून बघतो. माणसं म्हणजे नुसते ठिपके. प्रत्येकाला एका ठिकाणाची ओढ, आणि भिंतीपासून, परक्या माणसापासून जरा लांब राहायची इच्छा. डर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार या दोघांनी 1995 साली हे गणित मांडलं, त्यावरच अजून पुष्कळ काम चालतं.

पहिल्या महिन्यात माझं उद्यान इतकं सुरळीत चाललं की मीच खूश. साहेबांनी दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "तुझी माणसं सकाळपासून एकदाही लघवीला गेली नाहीत?" विसरलेच होते. ते घातलं, आणि दुपारचा खेळ सुटल्यावर मधला चौक ठप्प.

तिघं बोलत चालले की मधला हळूच अर्धं पाऊल मागं राहतो, हे अभ्यासकांनी मोजलेलं आहे. गर्दीतून वाट काढायची तर मधल्यानं पुढं व्हायला हवं, पण मग एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. माणसं वाटेपेक्षा गप्पा सांभाळतात. गणपती घाटावरनं आपण जायचो तेव्हा आई मधे आणि जरा मागं असायची. मला वाटायचं, तिचे गुडघे दुखतात.

आता इथली एक गोष्ट, जी मला दीड वर्षात उमगलेली नाही. वाणसामानाच्या दुकानात सामान सरकत्या पट्ट्यावर मांडायचं. आपलं मांडून झालं की त्यामागं एक तिकोनी कांडी आडवी ठेवायची, म्हणजे मागच्याचं दूध आपल्या बिलात येत नाही. इतकंच. पण ती मागच्यानं नाही, पुढच्यानं ठेवायची. दोघांच्या सामानात हातभर जागा असली, गल्ल्यावरच्या बाईंना ढळढळीत दिसत असलं, तरी ठेवायची. नाही ठेवली तर कुणी काही बोलत नाही. मागचे आजोबा खोल श्वास घेतात, हात लांबवून स्वतः ठेवतात आणि छताकडं बघतात. ठेवली तर "डांके" म्हणतात, म्हणजे आभार. टोब्लेरोन चॉकलेटवरून त्या कांडीला लाडाचं नावही आहे. आणि हीच माणसं, शेजारचा गल्ला उघडतोय म्हटलं की रांगेच्या शेपटातली आधी उडी मारतात! कांडीवाले आजोबा धरून. त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी आपली जागेवर उभी.

जर्मन माणूस अंतर ठेवतो, हे मी एकटी म्हणत नाही. इथलं युलिशचं संशोधन केंद्र आणि आयआयटी कानपूर यांच्या लोकांनी लंबगोल वाटेवर माणसं एकामागं एक चालवून ते मोजलं, 2009 साली छापून आलं. मोकळ्यात वेग साधारण सारखाच, पण गर्दी वाढली की जर्मन लवकर मंदावतात, आपले खेटून चालत राहतात. म्हणजे इथल्या आकड्यांवर वाईच्या विसर्जनाचा हिशोब काढला तर फसेल.

बाबा, तुम्ही विचारलंत की हे शिकून मांढरदेवीला काय उपयोग. टोमणा होता, कळला. 25 जानेवारी 2005 ला मी तिसरीत होते. तुम्ही मदतीला गेलात आणि पहाटे आलात तेव्हा पायात चपला नव्हत्या. चिंचोळी चढण, दोन्हीकडं दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरड्या पायऱ्या, आणि जवळजवळ 300 माणसं गेली. इथून तासाभरावर ड्युइसबुर्ग आहे. तिथं 24 जुलै 2010 ला संगीताच्या मेळाव्यात 21 जण गेले. येणारे आणि जाणारे एकाच उतारावर आले होते. चौरस मीटरला सहा-सात माणसं झाली की पाय आपले राहत नाहीत, माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. लोक म्हणतात गर्दी वेडी होते. वाट कमी पडते, बाबा. एवढं मला आता आकड्यांत सांगता येतं. तिकडं येऊन कधी सांगेन, ते विचारू नका.

दादाच्या लग्नाला 600 माणसं आणि बुफे, असं कळलं. एकच टेबल लावलं, दोन्ही बाजूंनी माणसं, जिलबीपाशी एकेकाला दहा सेकंद, तर मिनिटाला 12 जण पुढं सरकणार. अक्षता पडल्यावर सगळे एकदम आले तर शेवटच्याला 50 मिनिटं. आणि शेवटी कोण जेवतं आपल्याकडं? आई. तीन टेबलं लावा, 17 मिनिटांवर येतं. जिलबी लांब कोपऱ्यात ठेवा, ज्याला हवी तो जाईल.

कार्यालयाच्या आगाऊ रकमेसाठी दीड लाख पाठवलेत. मागच्या पैशांची तुम्ही माझ्याच नावावर मुदत ठेव केलीत, दादानं सांगितलं. या वेळी तसं करू नका. कर्जाचे हप्ते वेळेवर जातात, पोटाला चिमटा घेऊन काही पाठवत नाही. पुण्याच्या मुलाचा फोटो पाहिला. चांगला दिसतो. आत्याला "बघते म्हणाली" एवढंच सांगा, बाकी मे महिन्यात बोलू.

आणि साखरपुड्याला मला यायला जमणार नाही. मार्चअखेर उद्यानं उघडतात, त्या आठवड्यात दारावर उभं राहून खरी माणसं मोजायची असतात. रजा मिळाली नाही असं आज्जीला सांगा. खरं तर मागितलीच नाही, लग्नाची दहा दिवसांची हातची जाईल म्हणून. (आई, हे वाचताना गाळ.) दादाला कळवलंय. "चालतंय की" म्हणाला. दोनदा म्हणाला.

त्या दिवशी व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा फोन स्टेजकडं नको. कुणाला तरी दाराशी धरून उभं राहायला सांगा. कोण आलं, कुणाबरोबर आलं, कोण कुणापाशी थांबलं, ते मला बघायचंय. आज्जीला मात्र गर्दी व्हायच्या आत आणून बसवा, पंख्याखाली.

तुमची,
धाकटी