मूल घोड्याला बांधू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला घोडेस्वारीच्या उपचारांवरचा लेख वाचला. अपंग मुलांच्या उपचारांना मराठी वृत्तपत्रात अर्धे पान क्वचितच मिळते, त्याबद्दल आधी आभार. पण लेखासोबतचे छायाचित्र पाहून संताप आला. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन स्नायूंवरचा ताबा बिघडणे) असलेली मुलगी चौपाटीवरच्या घोड्यावर बसली आहे आणि तिच्या कमरेभोवती गुंडाळलेल्या ओढणीची गाठ खोगिराला मारली आहे. खाली ओळ छापली आहे ती आईच्या मायेची.

त्या आईला दोष नाही, तिला कोणी सांगितलेच नसेल. पण ही गाठ जीवघेणी आहे. घोडा बिचकला किंवा गुडघ्यावर बसला, तर मुलाला त्याच क्षणी बाजूला ओढून घ्यावे लागते. बांधलेले मूल सुटत नाही. तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, सैल असेल तर खोगीर फिरून पोटाखाली जाते आणि मूलही त्याच्याबरोबर घोड्याच्या पायांत जाते. पट्टा, दोरी, वेल्क्रो, कशानेही स्वाराला घोड्याशी किंवा खोगिराशी जखडायचे नाही, हा या उपचारातला पहिला नियम आहे. तोल राहत नसेल तर माणसे वाढवायची.

माणसे किती, हेही लेखात नाही. नव्या किंवा तोल नसलेल्या मुलासाठी घोडा धरणारा एक आणि दोन्ही बाजूंनी चालणारे दोन मदतनीस लागतात. शिवाय मुलाच्या हालचालींकडे लक्ष ठेवणारा भौतिकोपचार (फिजिओथेरपी) किंवा व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) तज्ज्ञ. बाजूचा मदतनीस आपला हात मुलाच्या मांडीवर आडवा ठेवून बोटांनी खोगिराची कड पकडतो, म्हणजे मांडी स्थिर राहते आणि धड मोकळे राहते. मुलाला काखेत धरून उचलून ठेवले तर त्याच्या पाठीला काही कामच उरत नाही. घोडा धरणाऱ्याने मानेच्या बाजूने चालायचे, दोरी हाताला गुंडाळायची नाही, घड्या करून धरायची. छायाचित्रातला घोडेवाला लगाम तोंडाजवळ धरून पुढे ओढतो आहे. असे ओढले की घोडा डोके वर करतो, पाठ ताठ करतो, पाऊल आखडते, आणि ज्यासाठी मुलाला वर बसवले तेच हरवते.

कारण उपचार आहे तो घोड्याच्या चालीत. साध्या चालीत तो मिनिटाला साधारण शंभर पावले टाकतो. मागच्या पायाच्या प्रत्येक पावलाला स्वाराचे कंबरेचे हाड पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडे वळत हलते. माणूस चालताना कंबर जवळजवळ अशीच हलते. म्हणजे स्वतःच्या पायांवर न चाललेल्या मुलाच्या धडाला वीस मिनिटांत दोन हजार वेळा चालण्याचा अनुभव मिळतो आणि प्रत्येक वेळी त्याला तोल सावरावा लागतो. घोडा थांबवून पुन्हा चालवला की पोट आणि पाठीचे स्नायू कामाला लागतात, नागमोडी नेला की कुशीचे. दुडकी चाल मात्र ताठर स्नायूंच्या मुलांना देऊ नये, त्या धक्क्यांनी ताठरपणा उलट वाढतो. घोडा लंगडत असेल तर मुलाच्या कंबरेलाही एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त झटका बसतो. म्हणून खूर वाढलेला, नाल झिजलेला घोडा उपचाराला चालतच नाही.

खोगीरही दरवेळी लागत नाही. जाड गादी आणि वर मुठी असलेला पट्टा आवळला तर घोड्याची हालचाल आणि ऊब दोन्ही थेट पोचतात. घोड्याचे अंग आपल्यापेक्षा सुमारे एक अंश गरम असते आणि त्या उबेने आखडलेल्या मांड्या सैल व्हायला मदत होते. रिकिबीचा, म्हणजे पाय ठेवायच्या कडीचाही विचार करावा लागतो. ताठर पायाच्या मुलाचा चवडा रिकिबीवर दाबला गेला की पाय आणखी ताणला जातो, टाच वर उचलली जाते. अशा मुलांना रिकीब न देणेच बरे. द्यायचीच तर पुढून बंद असलेली द्यावी आणि पायात टाच असलेला बूट असावा. तुमच्या छायाचित्रात सँडल आहे, म्हणजे पाऊल आरपार घुसून अडकायची पूर्ण सोय. हेल्मेट तर नाहीच. सायकलचे हेल्मेट इथे पुरत नाही, डोक्याची मागची बाजू झाकणारे स्वारीचेच लागते. मान नीट न धरणाऱ्या मुलाला ते हलके हवे. स्वमग्न मुलांना आधी काही दिवस घरी थोडा थोडा वेळ घालून सवय करावी.

‘कोणत्याही मुलाला फायदाच होतो’ हे वाक्य तर छापायलाच नको होते. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे पहिले दोन मणके सैल असू शकतात. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी आणि त्यांनी सांगितल्यास मान पुढे-मागे वाकवून काढलेला एक्स-रे, हे झाल्याशिवाय घोडा नको. चाल अचानक बिघडली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर स्वारी त्याच दिवशी बंद. सेरेब्रल पाल्सीत खुबा सरकलेला असू शकतो, तो पाहिल्याशिवाय मांड्या फाकवून रुंद पाठीच्या घोड्यावर बसवणे क्रूर आहे. अशा मुलांना अरुंद अंगाचा घोडा हवा. फिट ताब्यात नसतील, हाडे ठिसूळ असतील तर नाही म्हणावे. पायांना संवेदना नसलेल्या मुलाची कातडी स्वारीनंतर दरवेळी तपासावी, घासून झालेली जखम त्याला कळतच नाही.

शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे या कामाला द्यावेत, ही लेखकाची सूचना चांगल्या मनाची आहे, पण सरसकट धोक्याची. शर्यतीचा घोडा पळायलाच तयार केलेला असतो आणि स्वाराने पायांनी कुशी दाबल्या की पुढे निघायचे, हे तर प्रत्येक घोड्याला शिकवलेले असते. ताठर मुलाचे पाय इच्छा नसताना कुशी आवळतात. घोड्याला त्यातला फरक नव्याने शिकवावा लागतो, चाकाची खुर्ची, चेंडू, किंचाळणे यांची सवय करावी लागते आणि काही घोडे शेवटपर्यंत शिकत नाहीत. वजनही पाहा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जाऊ नये. साडेतीनशे किलोच्या घोड्याला ही मर्यादा सत्तर किलो, आणि तोल नसलेल्या स्वाराला त्याहून कमी.

लिस हार्टेलचा उल्लेख केलात ते बरे झाले, पण घोड्यामुळे तिचा पोलिओ बरा झाला, हे खोटे आहे. 1944 मध्ये पोलिओ झालेल्या या डॅनिश बाईंच्या गुडघ्याखालच्या पायांत शेवटपर्यंत ताकद आली नाही. त्यांना घोड्यावर चढवावे-उतरवावे लागे. तशाच त्यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे, रौप्यपदक मिळवले. बरे होण्याच्या आशेवर पालक आधीच भरपूर पैसे घालवतात. त्यांना धडाचा ताबा, तोल, बसण्याची क्षमता एवढेच सांगा. तेवढेही थोडे नाही.

या उपचारासाठी मुंबईत जागा नाही, हे लेखातले म्हणणे मात्र पटले नाही. महालक्ष्मी रेसकोर्सची 120 एकर जमीन उद्यानासाठी द्यायचे ठरले आहे आणि हाजीअलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची केंद्रीय संस्था तिथून हाकेच्या अंतरावर आहे. वीस बाय चाळीस मीटरचे वाळूचे रिंगण, त्यावर छप्पर आणि चाकाची खुर्ची थेट घोड्याच्या पाठीच्या उंचीला नेणारा रॅम्प, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी. छप्पर हवेच, नाहीतर जून ते सप्टेंबर चिखलामुळे सगळे बंद पडते आणि मुलांनी मिळवलेले हातचे जाते.

आणखी एक. त्या मुलीचे पूर्ण नाव, आजार, शाळा आणि राहण्याची वस्ती, सगळे छापले आहे. नऊ वर्षांच्या मुलीचे! ते संकेतस्थळावरून आजच काढा. आणि मूल बांधू नये, ही दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या. पुढच्या रविवारी कोणीतरी ओढणी घेऊन चौपाटीवर जाईल, त्याच्या आधी.

कळावे,
एक भौतिकोपचार तज्ज्ञ, माहीम, मुंबई