मुक्कामाला येतोय, पण मुलांना ठेवून जाणार नाही

ति. आई-बाबांना
शि. सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा “बरं, बघू” म्हणून फोन ठेवतात. म्हणून लिहितेय. आधी निर्णयच सांगून टाकते. सुट्टीत दोघं मुलं पंधरा दिवस तुमच्याकडे येणार, त्यात बदल नाही. पण त्यांना तुमच्यावर सोपवून आम्ही परत जायचं, हे यंदा नाही. पहिला आठवडा मी असेन, दुसरा आठवडा तुमचे जावई. रजा मंजूर झाल्यात, तेव्हा वाद घालायलाही उशीर झालाय.

विश्वासाचा प्रश्न नाही हे मी किती वेळा म्हटलं तरी आईला तसंच वाटणार. प्रश्न हातांचा आहे. छोटूला खाण्यातून अ‍ॅलर्जीची खरी रिअ‍ॅक्शन आली तर पहिल्या पाच मिनिटांत काय काय करावं लागतं ते मोजा. त्याला आडवं करून मांडी घट्ट धरायची, कारण सुई आत असताना त्यानं पाय झटकला तर कातडी फाटते. पेन, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचं तयार इंजेक्शन, टोचायचं. रुग्णवाहिकेला फोन लावून पत्ता सांगायचा. टोचल्याची वेळ लिहायची, दुसरं पेन हाताशी आणून ठेवायचं. आणि धाकट्या चिऊला तिथून उचलायचं, ती तर रडून घर डोक्यावर घेणार. आईचे गुडघे तिला चटकन जमिनीवर बसू देत नाहीत, बाबांना फोनवरचं निम्मंच ऐकू येतं. बाबांच्या थरथरणाऱ्या हाताची मला खरंच काळजी नाही. पेन मुठीत धरून दाबायचं असतं, नेम धरायचा नसतो. पण चार हातांत हे सगळं एकदम मावत नाही. आमच्याही नाही मावत, म्हणून आमच्याकडे फोन नेहमी शेजारच्या काकू करतात.

त्याला काय चालत नाही ते पुन्हा एकदा, कारण मागच्या वेळी दोघांचं दोन वेगळं ऐकलं गेलं. शेंगदाणे, काजू, पिस्ता आणि अंडं. काजू आणि पिस्त्यातली प्रथिनं जवळजवळ जुळी आहेत, म्हणून एकाची अ‍ॅलर्जी असली की दुसऱ्याचीही बहुधा असतेच. बदाम आणि अक्रोड तपासणीत ठीक निघालेत, ते तो खातो. पण मी आणलेले. सुटे नकोत, कारण दुकानात सगळा सुकामेवा एकाच मापानं भरतात. बाबांनी विचारलं होतं की शेंगदाणा हा सुकामेवा कसा. नाहीच आहे, ते कडधान्याचं भावंड. पण शरीराची चूक व्हायला नात्याची अडचण येत नाही.

अंड्याचं आईला पटत नाही, ते मी समजू शकते. नीट भाजलेल्या केकमधलं त्याला चालतं; उकडलेलं, ऑम्लेटमधलं, मेयॉनीजमधलं चालत नाही. पिठात मिसळून अर्धा तास भाजलं की अंड्यातल्या प्रथिनांचा आकार बदलतो आणि शरीर त्यांना ओळखत नाही. हे दवाखान्यात, डॉक्टरांसमोर खाऊ घालून तपासलेलं आहे. केक मधे ओला राहिला असेल तर मात्र तो तुकडा नको. आणि हाच नियम शेंगदाण्याला लावू नका. भाजल्यानं शेंगदाणा निवत नाही, उलट जास्त डिवचतो.

“थोडं थोडं चाखवलं की सवय होईल.” हे वाक्य आपल्या घरात कोण म्हणतं ते मी लिहीत नाही. असा उपचार आहे, हे खरं. पण तो मिलिग्रॅमपासून सुरू होतो, प्रत्येक वाढीव मात्रा डॉक्टरांच्या देखत देतात, आणि ताप असला किंवा मूल नुकतंच पळून दमलेलं असलं तर तीच मात्रा त्या दिवशी अंगावर येते. एका शेंगदाण्यात साधारण पाव ग्रॅम, म्हणजे अडीचशे मिलिग्रॅम प्रथिन असतं. “एकच दाणा” म्हणजे किती, ते यावरून कळेल. आणि बाबा, रक्ताच्या रिपोर्टमधला आकडा उतरला म्हणून खूश होऊ नका. तो आकडा अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता सांगतो, रिअ‍ॅक्शन किती जोरात येईल ते नाही. मागच्या वेळी नुसत्या गांधी आल्या म्हणून पुढच्या वेळीही तेवढंच होईल, असंही धरायचं नाही.

आई, आता तुझ्याशी बोलते. “मीच म्हटलं होतं, छोटूला वर्षभर शेंगदाणे देऊ नका” हे मनात घोळवणं थांबव. तो तुझा हट्ट नव्हता, एके काळी डॉक्टरांचं मतच तसं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली सांगितलं होतं की, अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका. २००८ मध्ये त्यांनीच ते मागे घेतलं. २०१५ मध्ये लंडनचा मोठा अभ्यास आला. त्यात तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजणं, चिरणं) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं होती, ४ ते ११ महिन्यांची. शेंगदाणे टाळले त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी झाली, नेमानं खाल्ले त्यांच्यात ३.२ टक्के. म्हणजे लवकर देऊनही काहींना होतेच. आणि छोटूचे गाल पहिल्या तीन महिन्यांत एक्झिम्यानं कसे सोललेले होते ते तू पाहिलंयस. तो दरवाजा तुझ्या सल्ल्यानं उघडला नाही.

त्यावरूनच मालिशचं. बदामाचं तेल लावू नकोस, दोघांनाही. छोटूला बदाम खायला चालतो, मग लावायला का नाही, असं तू म्हणशील. चिऊची त्वचाही कोरडी आहे, आणि कोरड्या, चिरलेल्या त्वचेतून अन्नातलं प्रथिन आत गेलं की शरीर त्याला शत्रू मानायला शिकतं. पोटातून गेलं तर सहन करायला शिकतं. म्हणून पोटात घालायचं, अंगाला लावायचं नाही. मलम मी आणतेय. आंघोळीनंतर लगेच, अंग दमट असतानाच लावायचं. ते हात तुझेच असू देत, माझ्या हातानं ती झोपत नाही.

चिऊला आम्ही शेंगदाणे सुरू केलेत. हो, तुम्हाला ते घरातून काढायला सांगतेय आणि मीच डबा घेऊन येणार! शेंगदाण्याची गुळगुळीत पेस्ट, दोन छोटे चमचे, तेवढ्याच कोमट पाण्यात सैल करून, आठवड्यातून तीनदा. मधे बंद केलं तर फायदा हातचा जाऊ शकतो, म्हणून पंधरा दिवसांची सुट्टी घेता येत नाही. पण ते काम आमचं. छोटू झोपल्यावर, एकाच खुर्चीत, आणि नंतर तिचे हात-तोंड साबणानं धुऊन, झबलं बदलून. तुम्ही त्या डब्याला हात लावायचा नाही. अख्खा किंवा फुटका दाणा तर तिला कुणीच द्यायचा नाही, तो घशात अडकतो.

स्वयंपाकघर तुझंच राहणार, आई. मी ताबा घ्यायला येत नाहीये. फक्त आम्ही यायच्या आदल्या दिवशी चार गोष्टी बाजूला कर. लाकडी चमचे आणि पाट, चाळणी, टोस्टर आणि मिक्सरचं ते जुनं भांडं. लाकडाच्या चिरांतलं धुऊन निघत नाही, आणि भांड्याच्या पात्याखालच्या रबरी रिंगमध्ये काय काय साठतं ते ती काढून बघ म्हणजे कळेल. स्टीलची भांडी साबणानं घासली की झालं, ती नवी घ्यायची गरज नाही. घासणी मात्र नवी. तळणीचं तेल उरवून ठेवलेलं वापरू नकोस. त्याचं जेवण आधी करून झाकून ठेवायचं, मग बाकीच्यांचं. सगळ्यात जास्त चुका मोठ्या गोष्टींत नाही, चमच्यात होतात: या पातेल्यातला त्या पातेल्यात. शेंगदाण्याचं तेल रिफाइंड असेल तर त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं. पण बाटलीवर नेमकं काय लिहिलंय ते दर वेळी कोण बघणार? म्हणून सरळ दुसरं तेल.

पाकिटावरची बारीक अक्षरं तुझ्या डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा अंदाजानं वाचू नकोस. मागच्या बाजूचा फोटो काढून मला पाठव. तेच बिस्किट, तोच कारखाना, तरी पाकीट लहान-मोठं असेल तर घटक वेगळे असू शकतात, म्हणून “हे तर तो नेहमी खातो” चालत नाही. “अंश असू शकतात” असं लिहिलेलं नाही म्हणजे नाहीत, असंही नाही. बऱ्याच ठिकाणी ते लिहिणं कंपनीच्या मर्जीवर असतं. लेबल नसलेलं काहीच नाही. शेजारून वाटी आली की घ्या, आभार माना, आणि तुम्ही खा.

बाबा, तुमचा सकाळचा मूठभर शेंगदाण्यांचा नेम मला माहीत आहे आणि तो मोडायला सांगताना मलाच वाईट वाटतंय. पंधराच दिवस. त्याऐवजी भाजलेले हरभरे आणतेय, तुमच्या दातांना चालतील असे. फिरायला गेल्यावर बाहेर खाल्लेतच, तर घरी आल्यावर हात साबणानं धुवा. सॅनिटायझरनं नाही, त्यानं जंतू मरतात, प्रथिन हातावर तसंच राहतं. आणि पापा नको. लाळेत ते बराच वेळ असतं, दात घासले तरी लगेच जात नाही. मधे काही तास आणि एक बिनदाण्याचं जेवण जाऊ द्या, मग हवे तेवढे पापे घ्या. नुसत्या वासाला मात्र घाबरू नका. वासात प्रथिन नसतं.

आता नीट वाचा. तो “जीभ चावतेय” किंवा “घशात केस अडकलाय” म्हणेल, जीभ दातांवर घासेल किंवा एकदम गप्प होऊन मांडीत येऊन बसेल. बहुतेक वेळा खाल्ल्यापासून काही मिनिटांत, क्वचित दोन तासांपर्यंत. तोंडाभोवती चार गांधी, बाकी ठणठणीत, तर अ‍ॅलर्जीचं सिरप द्या आणि नजर हलवू नका. पण सारखा खोकला, घोगरा आवाज, श्वासाला शिट्टी, पांढरा पडून ढिला होणं, यातलं एकही दिसलं, किंवा गांधींसोबत उलटी झाली, की पेन. अंगावर काही उठलं नसलं तरी. सिरपनं खाज थांबते, श्वास सुटत नाही, तेव्हा त्याची वाट बघायची नाही.

निळं टोपण काढायचं, अंगठा कुठल्याच टोकावर ठेवायचा नाही. नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, चड्डीवरूनही चालतं. खटका ऐकू येईपर्यंत दाबायचं आणि ३ सेकंद धरायचं. मग त्याला आडवाच ठेवायचा, पाय उशीवर. श्वासाला त्रास होत असेल तर बसवायचा, उलटी होत असेल तर कुशीवर. बरं वाटलं म्हणून उभा करायचा नाही, उचलून फेऱ्या मारायच्या नाहीत, उभं केल्यानं रक्तदाब एकदम कोसळू शकतो. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं पेन, दुसऱ्या मांडीत. आणि फरक पडला तरी दवाखान्यात जायचंच, काही तासांनी पुन्हा उसळू शकतं. गरज नसताना टोचलं गेलं तर काही वेळ छाती धडधडेल, हात थरथरतील, बस. शंका आली की टोचा, मी कधीही बोलणार नाही.

बाकी सगळं तुमच्या मनासारखं. बाबांची दुपारची झोप कुणी मोडणार नाही, रेडिओ लागेल तेवढ्या मोठ्यानं लागेल. छोटूला रात्री पाठीवर हात फिरवून हवा असतो, आणि खरं सांगू, मलाही. मी त्याच खोलीत, खिडकीकडच्या बाजूला झोपणार आहे. आई, डोळ्यांचे थेंब संपत आलेत असं म्हणाली होतीस, ते आणले का? आणि बाबा, आम्ही यायच्या आधी कान दाखवून या. मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी. थोडं मुलांसाठीही.

तुमची,
मनू

ता. क. पार्सलमध्ये सरावाचं पेन पाठवलंय. त्यात सुई नाही, औषध नाही. दोघांनी उशीवर रोज दोन-दोनदा करा, बाबांनी डाव्या हातानंही. खरी दोन पेनं ०.१५ मिलिग्रॅमची, छोटूच्या १७ किलो वजनाला तीच. ती मी सोबत आणेन. ती फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत, उन्हातल्या गाडीतही नाहीत, खोलीतच, दाराजवळच्या खुंटीला लाल पिशवीत. सरावाचं पेन त्या पिशवीत कधीच ठेवायचं नाही. घाईत तेच हाताला लागतं.