सेन्सेई, ‘तुला कसं कळलं?’ या प्रश्नासाठी आभार

आदरणीय सेन्सेई,
सप्रेम नमस्कार.

यंदापासून तुम्ही संध्याकाळचा जपानीचा वर्ग बंद करताय, असं जुन्या बॅचच्या मैत्रिणीकडून कळलं. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं. (‘सेन्सेई’ म्हणजे जपानीत शिक्षक.) पुण्यात कुणी जपानी शिकायला लागलं की घरचे, शेजारचे पहिला प्रश्न विचारतात, “स्कोप आहे का?” आहे. कारखान्यात दुभाषी म्हणून मिळणाऱ्या पगारावर माझं घर चालतं. पण तुमच्या वर्गात माझ्या विचार करण्याच्या पद्धतीत जो फरक पडला, त्याबद्दल कुणी विचारत नाही. मला त्याबद्दलच लिहायचंय.

जेएलपीटी, म्हणजे जपानी किती येतं ते तपासणारी परीक्षा, जुलैत आणि डिसेंबरात होते. तिच्यात लिहायचं नसतं, बोलायचंही नसतं. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं. नुसती परीक्षा गाठायची तर वही भरायची काहीच गरज नाही. तरी तुम्ही अगदी सुरुवातीपासून रोज चार वाक्यं लिहून आणायला लावलीत. “आजीला कंटाळा आलाय.” “भावाला नवी सायकल हवीय.” अशी साधी, घरातली वाक्यं. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत, समासात, लाल पेन्सिलीने तुमचा तोच प्रश्न असायचा : “तुला कसं कळलं?”

आम्हाला आधी तो खवचटपणा वाटायचा. आजी माझी, तिला कंटाळा आलेला मला कळणार नाही? मग हळूहळू उमगलं. स्वतःला थंडी वाजत असेल तर जपानीत सरळ ‘सामुई’ म्हणता येतं. दुसऱ्याबद्दल मात्र रोजच्या बोलण्यात तसं म्हणून चालत नाही. त्याला थंडी वाजतेय असं दिसतंय, किंवा तो तसं वागतोय, किंवा तो स्वतः तसं म्हणाला, यातलं काहीतरी एक वाक्यात आणावंच लागतं. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला ठाऊकच आहे, अशा थाटात बोलायची सोय ती भाषा ठेवत नाही.

पावसाळ्याच्या तोंडावरचा तो वर्ग तुम्हाला आठवत असेल. तुम्ही फळ्यावर दोन वाक्यं लिहिलीत. ‘आमे गा फुरिसोऽ देस्’ आणि ‘आमे गा फुरु सोऽ देस्’. पहिल्याचा अर्थ, ढग बघून वाटतंय की पाऊस येईल. दुसऱ्याचा, पाऊस येणार असं ऐकलंय. ऐकायला जेमतेम एका स्वराचा फरक. तुम्ही आधी सगळ्यांना उठवून खिडकीबाहेर बघायला लावलंत, मग पेपरातला हवामानाचा अंदाज वाचून दाखवलात, आणि कोणतं वाक्य कशाच्या जोरावर म्हणायचं ते एकेकाकडून वदवून घेतलंत. अर्धा तास नुसता पाऊस! पण डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं आणि कानांवर आलेलं वेगळं, ही सवय त्या अर्ध्या तासात जी लागली ती कायमची.

मराठीत हे सांगता येत नाही असं अजिबात नाही. आपण ‘म्हणे’ लावतो, ‘असं दिसतंय’ म्हणतो. पण नाही लावलं तरी वाक्य पूर्ण होतं आणि कुणी अडवत नाही. काय सांगता येतं यापेक्षा काय सांगावंच लागतं, यात भाषा एकमेकींपासून वेगळ्या होतात, असं रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलं होतं. मला त्याचा अर्थ तुमच्या लाल पेन्सिलीमुळे कळला. जे सांगावंच लागतं, त्याकडे लक्ष द्यावंच लागतं.

याचा उपयोग कुठे होतो ते सांगते. मध्यंतरी कारखान्यातली उत्पादनाची लाइन बंद पडली. ऑपरेटर म्हणाला, “सेन्सर गेलाय.” जपानहून आलेले इंजिनिअर माझ्याकडे बघत होते. जपानीत सांगायचं तर मला ठरवावं लागणार होतं, की गेलाय हे याने बघितलं, की याचा अंदाज आहे, की कुणी सांगितलं? म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, “रात्रपाळीवाले म्हणत होते.” रात्रपाळीलाही कुणी उघडून बघितलं नव्हतं. मेंटेनन्सने तपासलं तेव्हा सेन्सर ठणठणीत, वायर सैल झालेली. नवा सेन्सर मागवायची वेळच आली नाही. इंजिनिअरांनी माझं कौतुक केलं, पण प्रश्न तुमचा होता.

परक्या भाषेत विचार करताना माणूस जरा थबकतो, हे संशोधकांनाही दिसलंय. शिकागो विद्यापीठातले बोआझ कायसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जपानी शिकणारे अमेरिकी विद्यार्थीही होते. साथीच्या रोगावर कोणता उपाय निवडाल, असा प्रश्न. एकदा तो ‘एक तृतीयांश लोक वाचतील’ असा मांडला, एकदा ‘दोन तृतीयांश दगावतील’ असा. हिशोब एकच. पण मातृभाषेत विचारलं तर मांडणीनुसार लोकांची निवड पालटायची. शिकलेल्या भाषेत तो परिणाम जवळपास नाहीसा झाला. अशा निष्कर्षांचा फार गाजावाजा करू नये असं माझं मत आहे, पण वर्गातला अनुभव त्याच्याशी जुळतो.

सगळ्यात जड गेलं ते आपल्या माणसांबद्दल बोलणं. बाहेरचा फोन आला तर आपल्याच साहेबांचं नाव ‘सान’ (आपल्या ‘राव’, ‘जी’सारखं) न लावता घ्यायचं! आपल्याकडे साहेब कुठेही ‘आहेत’च, ‘आहे’ होत नाहीत. तुम्ही नियम पाठ करून घेतला नाहीत. “समोरचा कोण आहे? त्याच्या दृष्टीने तुझे साहेब कोण?” एवढंच विचारलंत. मान आपण कुठे उभे राहून बोलतो त्यावर ठरतो, हे माझ्या डोक्यात त्याआधी कधीच आलं नव्हतं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. “जपानी माणूस असाच विचार करतो” असं कुणी म्हटलं की तुम्ही तिथेही तोच प्रश्न विचारायचात. त्यामुळे आमच्यापैकी कुणी एका देशाला एका साच्यात बसवून बाहेर पडलं नाही. भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं, असं मला फार वाटतं.

‘शिकवलं’ एवढंच क्रियापद जपानीत तुमच्याबद्दल वापरलं तर ते कोरडं वाटतं. ज्याने माझ्यासाठी काही केलं, त्याचं देणं क्रियापदातच जोडावं लागतं. म्हणून इथे तसंच लिहिते : ओशिएते कुदासात्ते, आरिगातोऽ गोझाइमाशिता. (माझ्यासाठी शिकवलंत, मनापासून आभार.)

आता एक विनंती. आमच्या प्लँटमधली एक ट्रेनी मुलगी डिसेंबरच्या परीक्षेला बसतेय. हुशार आहे, पर्याय पटापट निवडते, वही मात्र कोरी आहे. तुम्ही वर्ग बंद केला तरी घरी वह्या तपासून द्याल, असं मैत्रीण म्हणत होती (ऐकीव आहे, मी खात्री केलेली नाही). खरं असेल तर पुढच्या रविवारी तिला पाठवते. पेन्सिल लालच असू द्या.

तुमची विद्यार्थिनी