सिंहस्थाच्या आराखड्यात विश्रांतीचे तासही लिहा

महोदय,

सिंहस्थासाठी नाशिकमध्ये होणारे रस्ते, पूल, घाट आणि साधुग्राम यांविषयी आपल्या दैनिकात सातत्याने वाचायला मिळते. मात्र २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ या अमृतस्नानांच्या दिवशी ज्यांच्या सावधपणावर लाखो भाविकांचे जीव अवलंबून असतील, त्या एसटी व रुग्णवाहिका चालकांना, बंदोबस्तावरील पोलिसांना, अपघात विभागातील डॉक्टर-परिचारिकांना आणि वीज कंपनीच्या लाइनमनना सलग किती तास कामावर ठेवले जाणार, याची चर्चा मला तरी कुठे आढळली नाही.

सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखे मंदावतात, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत दिसून आले. आपल्या मोटार वाहन कायद्यातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे चारला उठलेला चालक रात्री नऊनंतरही गाडीवर असेल, तर दारूचा थेंबही न घेता तो या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत असू शकतो. दारू नाक्यावर यंत्राने पकडता येते, थकवा मात्र ड्युटीच्या नोंदवहीतच पकडावा लागतो. त्यातही पहाटे दोन ते सहा हा काळ शरीराच्या सर्वाधिक सुस्तीचा असतो, आणि पर्वणीची गर्दी रामकुंडाकडे सरकू लागते ती नेमकी याच वेळी.

नियमांची उणीव होती असेही नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने रोज आठ तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा आणि दोन ड्युट्यांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती ठरवून दिली. निवासी डॉक्टरांना सलग १२ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, असे केंद्राने १९९२ मध्येच सांगितले होते, तरी ३६ तासांच्या ड्युट्या आजही कोणाला नवलाच्या वाटत नाहीत. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती मात्र ३६ वरून ४८ तासांवर नेण्यात आली. पन्नास प्रवासी घेऊन रात्री कसारा घाट उतरणाऱ्या चालकाचे तासही तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले पाहिजेत.

प्रवासी वाहतुकीत चालकांच्या ड्युट्या लावण्याचे काम मी केले आहे. थकलेला चालक स्वतःहून तसे क्वचितच सांगतो, कारण डबल ड्युटीचे पैसे त्याने घरखर्चात आधीच धरलेले असतात, आणि आपल्याला डुलकी लागून गेली हे पुष्कळदा त्याचे त्यालाही कळलेले नसते. दुसरीकडे, ज्याच्या फलाटावर गाड्या अडल्या आहेत आणि प्रवासी आरडाओरडा करीत आहेत, त्या वाहतूक नियंत्रकाला नकार देणे फार अवघड जाते. म्हणून हा निर्णय त्या घटकेला त्या दोघांवर सोडता कामा नये, तो आधीच कागदावर झालेला असावा.

तिसऱ्या अमृतस्नानाची मला विशेष काळजी वाटते. नाशिकचे स्नान ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरचे १२ सप्टेंबरला आहे. तेच मनुष्यबळ तिकडे वळवले गेले, तर दोन रात्री सलग जागरण घडेल. शिवाय पर्वणी सरली की बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या पोलीस गाड्या, रुग्णवाहिका आणि बसगाड्या त्याच चालकांच्या हाती लगेच परतीला लागतात. माझ्या मते सर्वात मोठा धोका या परतीच्या प्रवासातच आहे, कारण तोवर सर्वांचे लक्ष उडालेले असते.

कुंभमेळा प्राधिकरणाने प्रत्येक विभागाकडून ड्युटीचे तक्ते आधीच मागवावेत, त्यांत बाहेरगावाहून येण्या-जाण्याचा वेळही कामाचाच धरावा आणि परतीसाठी ताज्या दमाचे चालक राखून ठेवावेत. पाळी बदलण्याची वेळ पहाटेची नसावी. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागेल अशी अंधारी, शांत खोली मिळावी. ध्वनिक्षेपकाखालच्या शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून दिली म्हणजे निवासाची सोय झाली, असे समजू नये. या तक्त्यांप्रमाणे प्रत्यक्षात किती विश्रांती मिळाली, याची नोंद पहिल्या स्नानानंतर तपासली, तर दुसऱ्या स्नानापूर्वी दुरुस्तीला चार आठवडे हाताशी राहतात.

आपला विश्वासू,
एक वाचक, पंचवटी, नाशिक